पाव की पाच? सारखे वाजणारे शब्द आणि आपले कान

मुलांनो, आई तुम्हांला वाण्याकडे पाठवते आणि सांगते, "पाव किलो मिरची आण." तुम्ही धावत जाता, धापा टाकत "पाव" म्हणता आणि दुकानदार ऐकतो "पाच". आता काय होईल? पाच किलो मिरची! घरात वर्षाचे तिखट होईल.

हसू आले ना? पण क्षणभर थांबा. "पाव" आणि "पाच" हे दोन शब्द सावकाश म्हणून पाहा. "पा" दोन्हींत तोच. फरक आहे तो फक्त शेवटच्या एका आवाजाचा. तो एक आवाज गाडीच्या घरघरीत बुडाला की कान काय करणार? आज आपण हेच पाहू या, की सारखे वाजणारे शब्द ऐकताना आपला गोंधळ का होतो आणि तो टाळण्यासाठी काय करावे.

मंडईत चला

हा अभ्यास करायला पुण्याच्या मंडईसारखी दुसरी जागा नाही. शुक्रवार पेठेतली ही दगडी इमारत १८८६ साली सुरू झाली. तेव्हा मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड रे होते, म्हणून तिचे नाव पडले रे मार्केट. महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. या इमारतीवर मोठा खर्च करण्याला त्यांनी विरोध केला होता. तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाला लावावा, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे याच इमारतीला महात्मा फुले मंडई असे नाव मिळाले.

मध्यभागी अष्टकोनी मनोरा, उंच छप्पर, दगडी भिंती आणि भाजीचे गाळे. शंभर तोंडे एकाच वेळी बोलतात. त्यात पाट्या आदळतात, बाहेर रिक्षा वाजतात. उंच छपराखाली आणि दगडी भिंतींत आवाज घुमतो. एक शब्द संपायच्या आत मागच्या शब्दाची घुमणी त्यावर येऊन पडते.

अशा ठिकाणी हे संभाषण ऐका.

"मावशी, मेथी कशी दिली?"

"विसाला जुडी."

"तिसाला? फार महाग सांगता!"

"अहो ताई, वीस! वीस! दहा-दहाच्या दोन."

"वीस" आणि "तीस" यांत पहिल्याच आवाजाचा फरक. तो हरवला म्हणून भांडण व्हायची वेळ आली. पण मावशींनी शेवटी काय केले ते पाहिलेत का? "दहा-दहाच्या दोन" असे त्या म्हणाल्या. यातली युक्ती आपण पुढे पाहणार आहोत.

कान शब्द कसा ओळखतो?

फळ्यावर लिहिलेला शब्द एका नजरेत सबंध दिसतो. बोललेला शब्द तसा नसतो. तो आगगाडीसारखा एकेक डबा करून येतो. आधी पहिला आवाज, मग दुसरा, मग तिसरा. आलेला डबा पुढे निघून जातो, मागे वळून पाहता येत नाही.

मग मन शब्द संपेपर्यंत थांबते का? नाही, बरं का! पहिला आवाज येताच मन कामाला लागते. समजा, मंडईत कोणी म्हणाले, "को..." तुमच्या मनात लगेच कोबी, कोहळा, कोकम, कोथिंबीर हे सारे शब्द हात वर करून उभे राहतात. पुढचा आवाज आला, "कोथ..." की कोबी, कोहळा, कोकम खाली बसले. राहिले कोथळा, कोथरूड आणि कोथिंबीर. मग आले "कोथिं..." झाले! आता एकच शब्द उरला. "बीर" ऐकण्याआधीच तुम्ही जुडीकडे हात नेला.

विल्यम मार्सलेन-विल्सन आणि ॲलन वेल्श या संशोधकांनी १९७८ साली हा विचार मांडला. सुरुवात सारखी असलेल्या शब्दांचा एक जथा मनात उभा राहतो आणि जसजसे आवाज येतात तसतसे त्यातले शब्द गळत जातात, असे त्यांनी सांगितले.

१९९८ साली अमेरिकेत याची एक गमतीदार परीक्षा झाली. ऐकणाऱ्यासमोर काही चित्रे ठेवली. त्यांत एक होते बीकर, म्हणजे प्रयोगशाळेतले काचपात्र, आणि एक होते बीटल, म्हणजे भुंगेरा. "बीकर उचला" असे सांगत असताना यंत्राने त्याची नजर कुठे जाते ते टिपले. शब्द पूर्ण होण्याआधी नजर बीकरकडे जाई तशी बीटलकडेही जाई. "बी" दोघांत सारखा होता ना! इतकेच काय, यमक जुळणाऱ्या "स्पीकर"कडेही नजर जाई, पण थोडी उशिरा आणि कमी. म्हणजे सुरुवात जुळली तरी शब्द जागा होतो, आणि शेवट जुळला तरी थोडासा जागा होतो.

शेजारशब्द

एका शब्दातला एकच आवाज बदलला, एक वाढवला किंवा एक काढला की जो दुसरा शब्द तयार होतो, त्याला आपण शेजारशब्द म्हणू या. दोन शब्द घेऊन त्यांचे शेजारी मोजू.

वाल: काल, गाल, चाल, ताल, नाल, पाल, बाल, माल, लाल, शाल, साल, हाल, ढाल, वाट, वाघ, वार, वास, वाद, वाण...

कोथिंबीर: एकही सापडत नाही.

पाहिलेत? "वाल" हा शब्द दाटीच्या आळीत राहतो. भिंतीला भिंत लागून घरे. "कोथिंबीर" हे माळावरचे एकटे घर. पत्ता चुकायचा कसा? "पाव" हा शब्दही दाटीतलाच आहे. पाच, पान, पाट, पाठ, पाय, पार, भाव, गाव, नाव, डाव, राव, धाव, पेव असे त्याच्या चहूबाजूंना शेजारी आहेत.

अमेरिकेतील पॉल लूस आणि डेव्हिड पिसोनी यांनी १९९८ साली इंग्रजी शब्दांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. गोंगाट करून शब्द ऐकवले, तेव्हा दाटीतले शब्द लोकांनी जास्त चुकवले. शांततेतसुद्धा असे शब्द ओळखायला थोडा अधिक वेळ लागला. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. शेजारी किती आहेत एवढेच पाहून भागत नाही. शेजारी किती वापरातले आहेत हेही पाहावे लागते. रोजच्या वापरातला शेजारी कमी वापरातल्या शब्दाला झाकून टाकतो.

याचे घरचे उदाहरण म्हणजे अळू. आपण म्हणतो, "अळूची जुडी द्या." पण ज्याची बोली हिंदी आहे आणि जो नुकताच गाळ्यावर कामाला लागला आहे, त्याला ऐकू येते "आलू". तो बटाटे तोलायला घेतो. यात त्याची चूक काय? "आलू" हा त्याच्या रोजच्या ओळखीचा शब्द. "अळू" त्याने कधी ऐकलेलाच नाही.

गोंगाटात कोणते आवाज आधी हरवतात?

सगळे आवाज सारखे बुडत नाहीत. १९५५ साली जॉर्ज मिलर आणि पॅट्रिशिया नाइसली यांनी इंग्रजीतील सोळा व्यंजने गोंगाटात ऐकवून पाहिली. त्यांना असे दिसले की "प", "त", "क" यांची आपापसात फार गल्लत होते. "म" आणि "न" यांचीही होते. पण "प"चा "म" सहसा होत नाही. कारण सोपे आहे. "म" आणि "न" म्हणताना आवाज नाकातून येतो. ती नाकातली गुणगुण गोंगाटातही टिकते. पण ओठ मिटले की जीभ दाताला लागली, हे सांगणारी खूण अगदी बारीक असते. ती आधी बुडते.

म्हणून गोंगाटात "पाट" आणि "ताट" चुकतात, "मामा" आणि "नाना" चुकतात.

रिकामी जागा मन भरते

१९७० साली रिचर्ड वॉरन यांनी एक वाक्य ध्वनिफितीवर घेतले. त्यातल्या एका शब्दातला एक आवाज कापून टाकला आणि त्या जागी खोकला बसवला. ऐकणाऱ्यांना विचारले, "कोणता आवाज गळला?" त्यांना तो सांगता येईना. सबंध शब्द ऐकू आला, असेच त्यांना वाटले!

म्हणजे कान जिथे कमी पडतो तिथे मन आपल्या पदरचे घालून शब्द पुरा करते. बहुतेक वेळा हे बरोबर असते, म्हणून तर मंडईत आपण बोलू शकतो. पण शब्द दाटीतला असला तर मन चुकीचा तुकडा बसवते. आणि गंमत म्हणजे आपल्याला शंकाही येत नाही. "मी स्वतःच्या कानांनी ऐकलं!" असे आपण ठासून सांगतो.

आकड्यांचा घोटाळा

मराठीत सर्वांत मोठी दाटी आकड्यांची. म्हणून पाहा:

सात, साठ, आठ
वीस, तीस
सतरा, सत्तर
शहाऐंशी, शहाण्णव
बासष्ट, पासष्ट

वाक्यात दुसरा एखादा शब्द चुकला तर अर्थावरून कळते. "वाघाची भाजी" असे कोणी म्हणणार नाही. पण "सतरा रुपये" आणि "सत्तर रुपये" ही दोन्ही वाक्ये अर्थाने बरोबर आहेत. अर्थ मदतीला येत नाही. सगळा भार एकट्या कानावर पडतो.

आपल्या गावातले उदाहरण घ्या. औषध फवारायचे आहे. दादा बांधावरून ओरडून विचारतो, "पंपाला किती टाकू?" काका विहिरीवरून ओरडतात, "वीस मिली!" मोटार चालू आहे, वारा सुटला आहे. दादाला ऐकू आले "तीस". दीडपट औषध गेले. पीक करपू शकते, फवारणाऱ्याच्या अंगावर बेतू शकते. म्हणून हा विषय नुसता गमतीचा नाही.

आकड्यांच्या नावांवर महाराष्ट्रात मोठी चर्चाही झाली आहे. २०१९ साली बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "एकवीस"बरोबर "वीस एक" अशी नवी पद्धत दिली गेली. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर होत्या. आपण २१ लिहिताना आधी दोन लिहितो, पण बोलताना "एक" आधी म्हणतो. शिवाय जोडाक्षरे कठीण जातात. म्हणून लहान मुलांना सोपे व्हावे, हा हेतू होता. अनेकांना ही पद्धत आवडली नाही. वर्तमानपत्रांत आणि विधिमंडळातही वाद झाला. तो वाद मोठ्यांचा. आपण एवढे ध्यानात घेऊ की "सत्तर" आणि "दहा सात" यांची गल्लत होणे अवघड. शेजारच राहिला नाही ना!

ध चा मा

"ध चा मा करणे" हा वाक्प्रचार तुम्हांला माहीत आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्याच्या शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. शनिवारवाडा मंडईपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. "नारायणरावांस धरावे" अशी चिठ्ठी होती आणि कोणीतरी तिच्यातल्या "ध"चा "मा" केला, अशी आख्यायिका सांगतात. ही आख्यायिका आहे, पुरावा नव्हे. पण लोकांनी ती अडीचशे वर्षे का जपली? कारण एका अक्षराने "धरावे"चे "मारावे" होते, हे कोणालाही चटकन पटते. कागदावर अशी अदलाबदल मुद्दाम करावी लागते. कानात ती आपोआप होते.

यावर उपाय काय?

उपाय लोकांनी फार पूर्वीच शोधले आहेत.

पहिला उपाय: दुसऱ्या शब्दांत सांगा. मंडईतल्या मावशींनी "वीस" तीनदा ओरडून सांगितले असते तरी "तीस"च ऐकू आले असते. त्यांनी "दहा-दहाच्या दोन" म्हटले आणि गोंधळ मिटला. तोच शब्द मोठ्याने ओरडण्यापेक्षा वेगळा शब्द वापरणे चांगले.

दुसरा उपाय: शब्दाला सोबत द्या. "वाल" न म्हणता "वालाच्या शेंगा" म्हणा. "पाव" न म्हणता "पाव किलो, अडीचशे ग्रॅम" म्हणा. शब्द लांब झाला की शेजारी कमी होतात. १९५१ साली झालेल्या प्रयोगांतही असेच दिसले, की गोंगाटात सुटा शब्द चुकतो पण वाक्यातला शब्द बराच बरोबर ऐकू येतो.

तिसरा उपाय: थोड्यांतून निवडायला द्या. "काय हवे?" यापेक्षा "मेथी हवी की शेपू?" असे विचारले तर उत्तर ओळखणे सोपे. शब्द दोनांपैकी एक आहे हे ठाऊक असले की पुष्कळ गोंगाटातही तो ओळखू येतो. हेही १९५१ च्या त्याच प्रयोगांत दिसले.

चौथा उपाय: अक्षराला नाव द्या. तुम्ही पहिलीत "क कमळाचा, ख खटाऱ्याचा" शिकलात. नुसते "क" आणि "ख" चुकतील, पण "कमळ" आणि "खटारा" चुकणार नाहीत. विमानाचे वैमानिकही असेच करतात! १९५६ पासून ते ए, बी, सी यांच्याऐवजी अल्फा, ब्राव्हो, चार्ली असे म्हणतात. बिनतारी संदेशात "फाइव्ह" आणि "नाइन" सारखे वाजतात, म्हणून नऊला ते "नायनर" म्हणतात. तुमची पहिलीची मुळाक्षरे आणि वैमानिकाची भाषा, युक्ती एकच.

पाचवा उपाय: परत म्हणून दाखवा. "वीस मिली ना काका? दोनावर शून्य?" एवढे विचारायला किती वेळ लागतो? पण त्याने पीक वाचते.

वर्गातले कान

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. श्रुतलेखनात कोणी "पाट"च्या जागी "ताट" लिहिले की आपण हसतो. "कान कुठे आहेत तुझे?" असे म्हणतो. पुन्हा म्हणण्याआधी हे वाचा.

पत्र्यावर पाऊस पडत असतो, शेजारच्या वर्गात पाढे चाललेले असतात. तेव्हा आपला वर्गही मंडईच होतो. गोंगाटात शब्द ओळखणे मोठ्या माणसांपेक्षा लहान मुलांना जास्त अवघड जाते. त्यात शेवटच्या रांगेतला मुलगा गुरुजींपासून लांब असतो. एखाद्याचा कान वाहत असतो, त्याला मुळातच कमी ऐकू येते. बारीक आवाज त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत. मग मन पदरचे घालते आणि शेजारशब्द लिहिला जातो. तो मुलगा मठ्ठ नाही आणि त्याचे लक्षही कुठे गेलेले नाही.

काहींच्या घरची बोली वेगळी असते. कानाला घरच्या भाषेचे वळण फार लवकर लागते. १९८४ साली जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी कॅनडात तान्ह्या बाळांना हिंदीतले "त" आणि "ट" ऐकवले. इंग्रजी घरातल्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना फरक कळे. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांना तो बहुधा कळेना, कारण घरात तो फरक कोणी करत नव्हते. तसेच ज्या घरात "पाणी"ला "पानी" म्हणतात, तिथल्या मुलाला "ण" लिहिताना अडचण येते. घरची बोली चुकीची नाही. शाळेत एक नवा फरक ऐकायला शिकायचा आहे, इतकेच.

कान वाहत असेल, पाठीमागून हाक मारलेली कळत नसेल तर लपवू नका, घरी आणि गुरुजींना सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याचे पथक शाळेत येते तेव्हा कानाची तक्रार त्यांना जरूर दाखवा.

शेजारी शत्रू नव्हेत

शेजारशब्द नेहमीच त्रास देतात असे नाही. २००५ साली स्पॅनिश भाषेवर झालेल्या प्रयोगात उलटेच दिसले. तिथे पुष्कळ शेजारी असलेले शब्द लवकर ओळखले गेले. स्पॅनिशमध्ये मुलगा म्हणजे "निन्यो" आणि मुलगी म्हणजे "निन्या". शेजारी आहेत पण नात्यातले. आपल्याकडेही "मुलगा" आणि "मुलगी" तसेच नाहीत का?

शिवाय शेजारशब्द नसते तर यमक कुठून आले असते? ओव्या, उखाणे, बडबडगीते सारी त्यांच्यावरच उभी आहेत. यमकांशी खेळणाऱ्या मुलाचा कान तयार होतो आणि त्याला वाचायला शिकणे सोपे जाते.

लक्षात ठेवा

१. शब्द ओळखणे हे कान आणि मन दोघांचे काम आहे.
२. ज्या शब्दाला शेजारी फार, तो गोंगाटात लवकर चुकतो.
३. ओरडू नका, वेगळ्या शब्दांत सांगा.
४. आकडा नेहमी परत म्हणून दाखवा.
५. चुकून ऐकणाऱ्याला हसू नका, त्याला पुन्हा सांगा.

करून पाहा

एकाने वर्गाच्या टोकाला उभे राहून तोंडावर वही धरावी आणि "वाल, कोथिंबीर, पाव, भोपळा, साठ, शेवगा" हे शब्द बेताच्या आवाजात वाचावेत. बाकीच्यांनी बाकावर बोटांनी टकटक करावी. दुसऱ्या टोकाच्या पाच जणांनी ऐकू आले ते लिहावे. नंतर तेच शब्द वाक्यांत वाचावेत. चुका किती कमी झाल्या ते मोजा. मग वही बाजूला करून ओठ पाहून ऐका, आणखी फरक पडतो का ते पाहा.

स्वाध्याय

१. "गाव" या शब्दाचे दहा शेजारशब्द लिहा.
२. "शे"ने सुरू होणारे शब्द लिहा. त्यांतले मंडईत कोणते आठवतील आणि रानात कोणते?
३. एक ते शंभर आकड्यांत चुकतील अशा पाच जोड्या शोधा. प्रत्येक आकडा न चुकता कळेल असा दुसऱ्या शब्दांत सांगा.
४. घरी आजीला विचारा: चुकीचे ऐकल्यामुळे घडलेली एखादी गोष्ट. ती वहीत लिहून आणा.